पिकाचा हंगाम आणि शिकारीचा हंगाम

वसईच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपली दृष्टि सहजच पश्चिमेकडे, समुद्राकडे वळते. किल्ल्याचा तट, १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें त्याखालीं लावलेले सुरुंग, फिरंग्यांचीं मोडकीं देवळें, हें सर्व त्या बाजूस आहे. तालुक्याची पूर्वेकडील बाजू, म्हणजे तुंगारचा डोंगर, दोन हजार फुटांहून उंच असा कामणदुर्ग आणि त्यांच्या पायथ्याचीं कामण-चिंचोटीसारखीं गांवें, यांची आठवण इतिहासकारास क्वचितच होते. या बाजूस जो झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालला तो भाताच्या खाचराच्या बांधावर चालला. बांधाच्या अलीकडे शेतकरी होता आणि पलीकडे रान. रानांतून रात्रीं सांबर व डुकर उतरत, आणि कुणब्यानें, कोळ्यानें किंवा वारल्यानें चार महिने राबून उभें केलेलें पीक एका रात्रींत तुडवून जात. त्या जनावरास मारण्याचा अधिकार कोणाचा, आणि वर्षांतील कोणत्या दिवसापासून, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण ज्याच्या कणगींतील धान्याचा तो प्रश्न होता त्याच्या दृष्टीनें पुष्कळ राजकीय घडामोडींहून तो मोठा होता.

शिकारीसंबंधीं जें वाङ्मय आपल्यापुढें आहे तें बहुतेक बंदूकवाल्यांनीं लिहिलेलें आहे. त्यांतहि इंग्रजांचा वांटा मोठा. तें वाचतांना मराठी वाचकाचा पहिला घोटाळा होतो तो नांवाचा. ‘एल्क’ हा शब्द युरोपांतील मनुष्य उच्चारतो तेव्हां त्याच्या मनांत उत्तरेकडील दलदलींत राहणारें, पंजासारख्या रुंद शिंगांचें एक प्रचंड हरिण असतें. अमेरिकेंतील मनुष्य त्याच शब्दानें ‘वापिटी’ नांवाचें निराळेंच हरिण दाखवितो. आणि सिंहलद्वीपांतील इंग्रज मळेवाल्यांनीं तर तेंच नांव आपल्या सांबरास देऊन टाकलें. सर सॅम्युएल बेकर, जो पुढें नाईलच्या उगमाच्या शोधामुळें प्रसिद्धीस आला, तो १८४८ सालीं सिंहलद्वीपाच्या डोंगराळ भागांत नुवारा एलिया येथें शेतीची वसाहत करण्यासाठीं विलायतेहून माणसें, गुरें आणि शिकारी कुत्रे घेऊन आला. तेथें त्यानें कुत्र्यांच्या साह्यानें ज्या ‘एल्क’ची शिकार केली आणि जिच्यावर पुढें ग्रंथ लिहिला, तें आपल्या कामणच्या डोंगरांतील सांबरच होय. शेती आणि शिकार हीं दोन्हीं कामें एकाच माणसानें, आपल्याच सोयीच्या वेळीं करावीं, अशी संधि बेकरला मिळाली. आमच्या शेतकऱ्यास ती कधींच मिळाली नाहीं.

अमेरिकेंत आजहि शरदृतूंत सरकार शिकारीचा पहिला दिवस जाहीर करतें. शेतीच्या मुलुखांत तो दिवस म्हणजे एक प्रकारचा उत्सवच असतो. हरणांच्या कळपानें गवताच्या गंजी व पिकें यांची नासधूस केली असेल तेथील शेतकरी शिकाऱ्यास आपल्या कुंपणाच्या आंत खुशीनें घेतो. शिकाऱ्यास मांस मिळतें, शेतकऱ्याचा कळप हटतो आणि सरकारास परवान्याचे पैसे पोंचतात. ही व्यवस्था सर्वत्र निर्वेध चालते असें नाहीं. पण तींत निदान तिघांची गांठ एका दिवशीं पडते. हीच गांठ कोंकणांत कां पडली नाहीं, हें समजण्यासाठीं प्रथम आपल्याकडील दोन पंचांगें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं पाहिजेत. एक भाताचें आणि दुसरें सांबराच्या शिंगांचें.

भाताचें पंचांग कोंकणांत कोणास सांगावें लागत नाहीं. उन्हाळ्यांत फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण पसरून राब भाजावयाचा, पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जागेंत पेरणी, आषाढांत लावणी, भाद्रपदांत पीक पोटरीस येऊन आश्विनांत लोंब्या भरतात, आणि आश्विन-कार्तिकांत कापणी होते. डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नाचणी व वरी असते, आणि ती तर रानाला अगदी चिकटून. दाण्यांत दूध भरूं लागलें कीं डुकराला त्याचा वास लागतो. कोंवळ्या रोपांवर सांबर आधींपासूनच टपलेलें असतें. तें दिवसा गर्द झाडींत पडून राहतें व अंधार पडल्यावर खालीं येतें. पूर्ण वाढलेला नर अडीचशें किलो वजनाचा भरत असल्यामुळें तो जें खातो त्यापेक्षां जें तुडवितो तेंच अधिक. म्हणून या दोन महिन्यांत शेतावर जागल असावी लागे. चार खांबांवर उभारलेला माळा, वर पेंढ्याचें छप्पर, जवळ गोफण व धोंडे, वाजविण्यास पत्र्याचा डबा, धुमसत ठेवलेलें एखादें लांकूड, एवढ्या सामग्रीवर माणूस रात्र काढी. दिवसभर चिखलांत उभें राहिलेल्या माणसानें रात्रींहि जागावयाचें, आणि तें हिंवतापाच्या ऐन दिवसांत. शेतीच्या खर्चाचे हिशेब करणारे लोक या जाग्रणाची किंमत कोठेंच मांडीत नाहींत.

आतां दुसरें पंचांग पाहूं. सांबराच्या नराचीं शिंगें गाईबैलांच्या शिंगांप्रमाणें कायम नसतात. साधारण चैत्र-वैशाखांत तीं गळून पडतात. पावसाळाभर नवीं शिंगें वाढत असतात, व त्या काळांत त्यांच्यावर मखमलीसारखी मऊ, रक्तानें भरलेली कातडी असते. कार्तिकाच्या सुमारास ती कातडी झाडाच्या खोडावर घांसून निघून जाते, शिंगें टणक व चकचकीत होतात, आणि त्याच सुमारास नर माजावर येतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्याजोगें, प्रत्येक बाजूस तीन टोकें असलेलें मस्तक मिळावयाचें तें यानंतरच. म्हणून साहेबाच्या शिकारीचा हंगाम दिवाळीनंतर उघडे व नाताळच्या सुटींत भरास येई. तोंवर रानांतील गवत सुकलेलें, वाटा मोकळ्या झालेल्या, तापाचा जोर ओसरलेला. शिकाऱ्याच्या दृष्टीनें हा मुहूर्त बिनचूक होता. पण या मुहूर्तापर्यंत शेतकऱ्याचें भात खळ्यावर येऊन पडलेलें असे, किंवा रानांतल्या जनावरांच्या पोटांत गेलेलें असे. ज्या भाद्रपद-आश्विनांत त्याला बंदुकीची गरज होती त्या महिन्यांत बंदूकवाल्याला सांबराची गरज नव्हती. शिवाय शिकारी लोकांचा शिष्टाचार असा कीं मादीवर गोळी झाडावयाची नाहीं. शिष्टाचार म्हणून तो स्तुत्य आहे. परंतु पिकांत माद्या व पाडसें उतरलीं तर भाताला त्यांत कांहीं सवलत मिळत नसे.

इंग्रजी अमदानीच्या आधीं हा झगडा नव्हता असें मात्र समजूं नये. राजांच्या मृगयेचा आमच्या जुन्या ग्रंथांत पुष्कळ विचार आहे. मनूनें कामज व्यसनांत मृगयेस पहिलें स्थान दिलें; कौटिल्यानें द्यूत व मृगया यांची तुलना करून मृगयेंत निदान व्यायाम तरी आहे असा निवाडा दिला; आणि शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची तरफदारी करीत असतां विदूषक रानावनांतून धांवून जेरीस आलेला दिसतो. या सर्व चर्चेंत राजाचें शरीर व राजाचें मन यांची चिंता आहे. शेतकऱ्याच्या बाजूचा उल्लेख शोधूं गेलें तर कौटिल्याच्याच ग्रंथांत शिकारी व कुत्रे बाळगणारे लोक यांच्याकडून गुरचरणीचीं रानें निर्धास्त करून घ्यावीं अशा अर्थाची व्यवस्था सांपडते, आणि मला तरी मृगयेच्या स्तुतिनिंदेहून ती एक ओळ अधिक मोलाची वाटते.

गांवोगांवची पारध ही गोष्ट या राजेशाही मृगयेहून निराळी. ठाणें जिल्ह्यांत वारली, मल्हार कोळी, कातकरी यांच्याजवळ तीरकामठा असे, फांसे असत, आणि कुत्रे असत. पारध म्हणजे मौज होती, पण ती आधीं अन्न होती आणि पिकाचें राखण होती. दसऱ्यास शस्त्रें पुजावयाचीं हें आपण सर्व जाणतों. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आश्विन वद्य द्वादशीस, ज्या दिवशीं देशावर वसुबारस म्हणून गाईवासरांची पूजा होते, त्याच दिवशीं डोंगरांतले लोक वाघबारस पाळून वाघोबाला नैवेद्य दाखवितात. गुरांचा शत्रु म्हणून ज्याला मारावें त्याचीच पूजा कां, असा प्रश्न शहरांतील वाचकास पडेल. पण वाघ हा सांबराचा व डुकराचाहि शत्रु आहे, आणि ज्याची उपजीविका वरकस जमिनीवर आहे त्याच्या हिशेबांत ही गोष्ट धरलेली असली पाहिजे असें मला वाटतें. पारधींतील मांसाचे वांटे होत. मारणाऱ्याचा मान वेगळा, पण हाका घालणाऱ्या प्रत्येकास त्यांत भाग असे. थोडक्यांत, शिकारीचा दिवस पीक ठरवी, आणि यश म्हणजे काय तें गांव ठरवी.

१८७८ साल हें या व्यवस्थेच्या मुळावर आलें. त्या एकाच वर्षीं दोन कायदे झाले. एक हत्यारांचा, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतला, ज्यामुळें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा झाला. आणि दुसरा जंगलांचा, ज्यानें राखीव रानांत शिरणें, लांकूड तोडणें, गुरें चारणें यांबरोबरच शिकार करणें व फांसे लावणें हेंहि सरकारी नियमांच्या ताब्यांत गेलें. पहिल्या कायद्याविषयीं आमच्या पुढाऱ्यांनीं पुष्कळ लिहिलें, पण तें राष्ट्राच्या मानापमानाच्या दृष्टीनें. दुसऱ्याची झळ ज्यांस लागली त्यांच्या वतीनें जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’मध्यें जंगलखात्यावर जो संताप व्यक्त केला आहे तो सुप्रसिद्ध आहे. ठाणें जिल्ह्यांत ही झळ विशेष तीव्र होती, कारण येथील भातशेती राबावर चाले आणि राब रानावर. तक्रारी इतक्या वाढल्या कीं मुंबई सरकारास १८८५ सालीं एक जंगल कमिशन नेमावें लागलें. त्या कमिशनपुढें मुख्य वाद राबाचा, सरपणाचा व गुरचरणीचा होता. जनावरांचा उपद्रव हा त्यामानानें लहान मुद्दा. पण राखीव रानाची हद्द शेताच्या बांधापर्यंत आणून भिडविली म्हणजे तो लहान राहत नाहीं, हें समजण्यास कमिशनची जरुरी नव्हती.

१९१२ सालीं रानटी पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला तो वाचून पाहण्यासारखा आहे. शिकारीचे बंद महिने ठरविण्याचा अधिकार त्यानें प्रांतिक सरकारांस दिला. ज्या जनावरांस हें संरक्षण मिळावयाचें त्यांच्या यादींत हरणें आहेत, ससे आहेत, गवे व गेंडे आहेत, रानडुकर नाहीं. शिवाय आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठीं खऱ्या हेतूनें जनावर मारल्यास हा कायदा लागू नाहीं, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां कागदावर शेतकऱ्याचा हक्क शाबूत होता. पण जनावर कागदावर चालत नाहीं. शेतांत गोळी लागलेलें सांबर शेतांतच पडेल असें नाहीं. तें बहुधा बांध ओलांडून आलें त्या दिशेनें पळतें, आणि बांधापलीकडे जंगलाचा कायदा सुरू होतो. जखमी जनावराच्या मागें बंदूक घेऊन राखीव रानांत शिरणारा मनुष्य पिकाचा रक्षक आहे कीं चोरटा शिकारी, हें ठरवावयाचें रानांतल्या शिपायानें. त्याच्या निर्णयावर कोणकोणत्या गोष्टींचा परिणाम होत असेल याची कल्पना वाचकांस आहेच. पिकाच्या राखणीसाठीं बंदुकीचे परवाने मिळत, नाहीं असें नाहीं. पण तो मिळविण्यास अर्ज, कचेरी, ओळख आणि बंदूक विकत घेण्याइतका पैसा लागे. तो ज्याच्याजवळ होता तो माळ्यावर जागत नव्हता. त्याच्या शेतांत दुसराच कोणी जागत होता.

या पार्श्वभूमीवर हंगामाच्या पहिल्या दिवशीं डोंगराच्या पायथ्याशीं काय चाले तें पाहिलें म्हणजे त्याचें स्वरूप ध्यानांत येतें. साहेबाचा किंवा एखाद्या बड्या पाहुण्याचा तळ पडणार असल्याची वर्दी पाटलाकडे आधीं येई. पाटलानें हाक्यासाठीं माणसें जमवावयाचीं. रानाची माहिती असलेला एखादा वारली किंवा कातकरी दोन दिवस अगोदर माग काढून ठेवी : कोणत्या पाणवठ्यावर खूर उमटले आहेत, कोणत्या खोडाची साल शिंगांनीं सोलली आहे, नर एकटा आहे कीं माद्यांबरोबर. सकाळीं बंदुका खिंडीच्या तोंडाशीं बसत, वाऱ्याच्या उलट बाजूस. हाकेकरी अर्धचंद्राकार पसरून वरच्या अंगानें डबे, ढोल व आरोळ्या यांच्या गजरांत रान झोडपीत खालीं येत. कडेला झाडांवर माणसें बसविलेलीं असत; जनावर बगल देऊं लागलें कीं त्यांनीं हलकेच खाकरावें, म्हणजे तें पुन्हा खिंडीकडे वळे. त्या रानाचें ज्ञान, त्यांतील धोका आणि मेहनत हीं सर्व हाकेकऱ्यांचीं. गोळीचा क्षण तेवढा बंदूकवाल्याचा. मोठ्या शिंगांचा नर पडला तर दिवस यशस्वी झाला म्हणावयाचें. शिंगें व कातडें मुंबईस जाई. मांस बहुतेक हाकेकऱ्यांस मिळे, आणि तें त्यांना मनापासून हवें असे, हेंहि नमूद केलें पाहिजे. या दिवसाचा आनंद केवळ वरच्या लोकांचा होता असें लिहिणें खोटें होईल. भाताची कापणी झालेली, खळें भरलेलें, आणि फुकटचें मांस. गांव त्या रात्रीं खुशींत असे. फक्त त्या शिकारीनें कोणाच्या पिकाचें रक्षण झालें नाहीं. पुढच्या भाद्रपदांत माद्या होत्या तितक्याच खालीं उतरत.

या साहेब शिकाऱ्यांची एक बाजू आणखी आहे, आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थांनीं जमून मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत ‘ईहा’ या नांवानें लिहिणारे एटकिन होते, आणि आपल्यापैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. प्रार्थनासमाजाचा संस्थापक आणि रखमाबाईंचा पालनकर्ता पिता, या दोन मराठी डॉक्टरांचीं नांवें या यादींत पाहून आनंद होतो. सोसायटीचे पुष्कळ सभासद शिकारी होते. कोणतें जनावर कोठें आहे, त्याचा माज कधीं, शिंगें कधीं गळतात, हें ज्ञान बऱ्याच अंशीं त्यांनीं टिपून ठेविलें, आणि पुढें संरक्षणाची भाषा बोलणारे पहिले लोकहि त्यांच्यांतूनच निघाले. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत वाघ, बिबळ्या, सांबर, भेकर यांची जी नोंद आहे तिचीहि जात हीच. माळ्यावर बसणाऱ्या माणसास यांपैकीं पुष्कळसें पाठ होतें, पण त्याला तें कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें तेव्हां वाटाड्या म्हणून विचारलें.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें १९५१ सालीं रानटी पशुपक्ष्यांचा स्वतःचा कायदा केला व त्यांत परवाने आणि बंदीचा काळ यांची व्यवस्था घातली. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें आणलीं आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकार संपलीच. शिकारीचा पहिला दिवस हा प्रकारच उरला नाहीं. २००३ सालीं तुंगारेश्वरचें सुमारें ८५ चौरस किलोमीटरचें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. जिल्हा बदलून २०१४ सालीं पालघर झाला. कामण-चिंचोटीच्या रस्त्यावर आतां गोदामें व कारखाने आहेत, आणि कित्येक खाचरांचा प्रश्न त्यांनीं आपल्या परीनें सोडविला आहे. शहर इतकें जवळ आलें असतां बाजूचें रान टिकलें, याचें श्रेय या कडक कायद्यालाच द्यावें लागेल, आणि तें मी मनापासून देतों.

परंतु कोंकणांत जेथें भात अजून लावलें जातें तेथें जुनें पंचांग चालूच आहे. पिकाचें नुकसान झाल्यास सरकार भरपाई देतें. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमान्वये उपद्रवी जनावरास मारण्याची परवानगी मागतां येते. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें रानडुकर व नीलगाय यांपुरती ती रीत सोपीहि केली. पीकसंरक्षणाच्या बंदुका आजहि कित्येक घरांत आहेत, बहुधा ठासणीच्या, आजोबांच्या नांवावरून नातवाच्या नांवावर आलेल्या. त्यांचा उपयोग आतां मुख्यतः आवाज काढण्यापुरता. निवडणूक जाहीर झाली कीं परवान्याचीं हत्यारें पोलीस ठाण्यांत जमा करून घेण्याची वहिवाट आहे, आणि तिचा उद्देश योग्यच आहे. महाराष्ट्र विधानसभेचें मतदान २००९, २०१४ व २०१९ या तिन्ही सालीं आक्टोबरांत झालें, आणि २०२४ सालीं २० नोव्हेंबरला. म्हणजे आश्विन-कार्तिकांत, लोंब्या भरलेल्या असतांना, ती बंदूक पावती देऊन ठाण्याच्या कपाटांत ठेवलेली असते.